दुग्धशर्करा आणि जनुक-नियंत्रक प्रथिने : आरे वसाहतीच्या निमित्ताने एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

गोरेगाव येथील आरे दुग्ध वसाहत १९४९ साली स्थापन झाली. मुंबई शहरातील दाटीवाटीचे, अस्वच्छ तबेले शहराबाहेर हलवावेत आणि नागरिकांना शुद्ध दूध मिळावे, हा तिचा हेतू होता. या योजनेचे शिल्पकार, दूध आयुक्त दारा खुरोडी यांना १९६३ साली वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले.

खुरोडी यांच्या पिढीसमोर एक बिकट प्रश्न होता, तो म्हणजे भाकड म्हशींचा. शहरातील महागड्या जागेत भाकड जनावर पोसणे तबेल्याच्या मालकाला परवडत नसे. त्यामुळे दूध आटले की उत्तम जातीच्या म्हशीचीही रवानगी बहुधा कत्तलखान्याकडे होई. आर्थिकदृष्ट्या निरुपयोगी ठरलेल्या या म्हशीच्या पेशींत दूध निर्माण करणारी सर्व जनुके मात्र शाबूत असत. पुढच्या वेतात हीच जनुके पुन्हा कार्यरत होऊ शकत होती. जनुक असूनही त्याचे कार्य का थांबते आणि ते पुन्हा कसे सुरू होते? १९४९ साली या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाकडे नव्हते. डीएनएची रचनाच १९५३ साली उलगडली. ते उत्तर पुढे जनुक-नियंत्रक प्रथिनांच्या शोधातून मिळाले. त्या शोधाचा इतिहास मांडण्याचा व त्याचे अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पॅरिसमधील प्रयोग आणि दुधातील साखर

योगायोग असा की, हे उत्तर ज्या प्रयोगांतून प्रथम हाती आले, त्यांचा विषयही दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, हाच होता. फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांना १९४१ च्या सुमारास असे आढळले की, जीवाणूंना काही विशिष्ट दोन शर्करांचे मिश्रण दिल्यास त्यांची वाढ दोन टप्प्यांत होते. ग्लुकोज व लॅक्टोज एकत्र दिल्यास ते प्रथम ग्लुकोज संपवतात, काही काळ थांबतात आणि मग लॅक्टोजचा वापर सुरू करतात. त्या थांब्यात लॅक्टोजचे विघटन करणारे विकर तयार होत असते. म्हणजे विकर निर्माण करण्याची क्षमता जीवाणूत आधीपासून असते, परंतु ती गरजेपर्यंत दडपलेली असते.

ही क्षमता कोण दडपून ठेवते, याचा छडा आर्थर पार्डी, फ्रांस्वा जाकोब व मोनो यांच्या १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने लावला. ज्या जीवाणूत विकराचे जनुकही निकामी आणि नियंत्रक जनुकही निकामी होते, त्यात ही दोन्ही जनुके सुस्थितीत प्रविष्ट करण्यात आली. विकर ताबडतोब तयार होऊ लागले. पुढे तास-दीड तासात, लॅक्टोजसदृश पदार्थ न मिळाल्यास, ते थांबले. यावरून नियंत्रक जनुक एक दमनकारी द्रव्य तयार करते आणि ते साठू लागले की विकराची निर्मिती बंद पडते, असा निष्कर्ष निघाला. १९६१ साली जाकोब व मोनो यांनी 'ऑपेरॉन' ही संकल्पना सविस्तर मांडली आणि १९६५ साली आंद्रे ल्वोफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक बाब आवर्जून नमूद करावीशी वाटते. हे दमनकारी द्रव्य आरएनए असावे, असा प्रारंभी या शास्त्रज्ञांचा कयास होता. तो चुकीचा ठरला. सिद्धांत टिकला, तपशील बदलला. विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडते. क्रमिक पुस्तकांत मात्र केवळ अंतिम उत्तर उरते.

दमनकारी प्रथिनाची रचना व कार्य

१९६६ साली वॉल्टर गिल्बर्ट व बेन्नो म्यूलर-हिल यांनी हे द्रव्य वेगळे केले आणि ते प्रथिन असल्याचे सिद्ध केले. एका जीवाणूत त्याचे जेमतेम दहा-वीस रेणू असतात, यावरून या कामाची कठीणता लक्षात येईल. या प्रथिनात चार समान साखळ्या असून प्रत्येक साखळीत ३६० अमिनो आम्ले असतात. १९९६ साली मिचेल लुईस व सहकाऱ्यांनी त्याची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली.

या रचनेतच त्याचे कार्य दडलेले आहे. प्रत्येक साखळीच्या एका टोकाला डीएनएच्या खाचेत बसणारा लहान भाग असतो, तर मधल्या मोठ्या भागात शर्करेसाठी जागा असते. लॅक्टोज उपलब्ध नसताना हे प्रथिन डीएनएवरील ठराविक स्थळी घट्ट बसते आणि प्रतिलेखनाचा मार्ग अडवते. लॅक्टोजपासून तयार होणारे ॲलोलॅक्टोज त्याला जोडले गेले की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो, पकड सैल होते व जनुक मोकळे होते. बाहेरच्या परिस्थितीची वार्ता जनुकापर्यंत पोहोचवणारा हा दुवा होय.

म्हशीची कास आणि माणसाचे आतडे

जीवाणूतील हे तत्त्व प्रगत प्राण्यांतही अधिक गुंतागुंतीच्या स्वरूपात आढळते. दुभत्या जनावराच्या कासेत प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा संदेश पोहोचला की 'स्टॅट-५' नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडला जातो. असे दोन रेणू जोडीने पेशीकेंद्रकात जातात आणि दुधातील प्रथिनांची जनुके कार्यान्वित करतात. या प्रथिनाची ओळख १९९४ साली कासेच्या ऊतीतूनच पटली. १९९७ साली उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, स्टॅट-५ए नसलेल्या माद्यांत स्तनग्रंथींची पूर्ण वाढ होत नाही व दूध येत नाही. दूध आटताना कासेतील बऱ्याच पेशी नष्ट होतात. तथापि पुढच्या वेतात नव्या पेशींत तीच जनुके पुन्हा जागी होतात. भाकड म्हशीचे कोडे येथे उलगडते.

दूध पिणाऱ्या माणसाचीही कथा अशीच आहे. लॅक्टोज पचवणारे लॅक्टेज विकर बालपणी सर्वांच्या आतड्यात असते. बहुसंख्य मानवांत ते पुढे घटते. काहींत ते आयुष्यभर टिकते. यास कारणीभूत असलेला एक बदल २००२ साली फिनलंडमधील संशोधनातून आढळला. तो लॅक्टेजच्या जनुकात नसून सुमारे १४,००० अक्षरे अलीकडे, शेजारच्या जनुकात आहे. त्या बदललेल्या जागी 'ऑक्ट-१' हे नियंत्रक प्रथिन अधिक घट्ट बसते, असे २००५ साली दाखवण्यात आले. भारतीयांमध्येही प्रामुख्याने हाच बदल आढळतो आणि त्याचे प्रमाण वायव्येकडून आग्नेयेकडे कमी होत जाते, असे पुढील अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. म्हणजे ज्यांना प्रौढपणी दूध पचत नाही, त्यांच्यात लॅक्टेजच्या जनुकाचा दोष नसतो. जगाचा विचार करता तो अपवाद नसून नियम आहे.

मुंबईतील संशोधनाची परंपरा

या ज्ञानशाखेत मुंबईचेही योगदान आहे. १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. याच संस्थेत, मुंबईतच महाविद्यालयीन शिक्षण झालेल्या डॉ. शुभा टोळे यांनी 'एलएचएक्स-२' या नियंत्रक प्रथिनावर काम केले. २००८ साली त्यांच्या गटाने दाखवून दिले की, उंदराच्या मेंदूच्या विकासात अगदी आरंभी हे प्रथिन नसेल, तर मेंदूचे बाह्यक होऊ घातलेल्या पेशी वेगळी वाट धरतात. त्यांतील काही पेशी शेजारच्या पेशींना स्मृतीशी निगडित असा हिप्पोकॅम्पस घडवण्याचा आदेश देतात. जनुकांचा संच तोच. केवळ एका प्रथिनाच्या अभावाने अवयवाची घडण बदलते. टोळे यांना २०१० साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार प्राप्त झाला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, जनुक असणे आणि गुण प्रकट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये नियंत्रक प्रथिने उभी असतात. आपल्या वर्गांत मात्र ऑपेरॉनची आकृती पाठ करून घेतली जाते आणि त्याच वेळी 'अमुक गुणाचे जनुक' अशी भाषा सर्रास वापरली जाते. ही भाषा निरुपद्रवी नाही. बुद्धी, स्वभाव, रोग किंवा जात यांविषयी जन्मजाततेचे दावे तिच्याच आधाराने केले जातात. विद्यार्थ्याने एवढे जरी समजून घेतले की भाकड म्हशीत दुधाचे जनुक नाहीसे झालेले नसते, तरी अशा दाव्यांकडे तो चिकित्सक दृष्टीने पाहू लागेल. पश्चिम उपनगरांतील महाविद्यालयांना आरेचे गोठे जवळ आहेत. पॅरिसच्या प्रयोगशाळेइतकाच तो गोठाही या विषयाच्या अध्यापनाचा प्रारंभबिंदू होऊ शकतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.