नांदेड ते उदगीर : साहित्यातील सातत्य आणि बंड

१/ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. अशा काळात मराठीत लिहिणे हीच एक चळवळ होती.

२/ राज्य गेले आणि प्रश्न बदलला. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. तेथे अध्यापन करणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी (१९३२–१९८२) 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीची वाटचाल तपासली. भाषा टिकवण्याच्या चिंतेची जागा आता चिकित्सेने घेतली.

३/ १९६० नंतर दलित साहित्याने अधिक मूलभूत प्रश्न विचारला : या साहित्यात कोणाचे जगणे आहे? नांदेडचे नाटककार दत्ता भगत यांनी तर चळवळीचीही उलटतपासणी केली. 'वाटा पळवाटा' या नाटकात आंबेडकरी चळवळीतील जुने काका, प्राध्यापक सतीश आणि आक्रमक तरुण अर्जुन एकाच वारशाचे वारसदार आहेत. मार्गाबद्दल मात्र त्यांचे एकमत होत नाही.

४/ एप्रिल २०२२. लातूर जिल्ह्यातील उदगीरला ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच दिवसांत, त्याच गावात १६वे विद्रोही साहित्य संमेलनही झाले. मंडप दोन, विचारपीठे दोन, भाषा एकच.

५/ एकेकाळी जी भाषा जपणे हेच कार्य होते, तिच्यातच आज परस्परविरोधी भूमिका मांडल्या जातात. पूर्वसुरींनी राखलेली भाषा घेऊनच नवी पिढी त्यांच्याशी वाद घालते. मराठवाड्यातील साहित्याचे सातत्य या वादातच आहे.