घाटमाथ्यावरील बुडीत आणि घाटाखालील वीज : ‘द्वीप’ चित्रपटाच्या संदर्भात कर्जत-खालापूर

ना. डिसोझा यांच्या कादंबरीवर आधारित ‘द्वीप’ हा गिरीश कासरवळ्ळी दिग्दर्शित कन्नड चित्रपट २००२ मध्ये प्रदर्शित झाला. धरणाचे पाणी चढत असता गाव रिकामे होते. दुग्गज्ज, त्याचा मुलगा गणप्पा आणि सून नागी मात्र टेकडीवर मागे राहतात. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेल्या या चित्रपटात धरणाची भिंत महत्त्वाची नाही. घर तगवण्याचे कष्ट कोणाचे आणि श्रेय कोणाचे, हा त्याचा खरा प्रश्न आहे. कुटुंब वाचते ते नागीच्या धडपडीमुळे. गणप्पा श्रेय देतो दैवाला.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. टाटांच्या जलविद्युत योजनेत लोणावळा, वळवण व शिरवटा येथील पाणी पोलादी नळांतून घाट उतरून खोपोलीच्या वीजगृहात आले आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२२ मध्ये आंध्र खोऱ्यातील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. जमीन बुडाली मावळची, वीज गेली मुंबईस. अवजल मात्र खाली राहिले: त्याच्यामुळे पेज बारमाही झाली, तर पाताळगंगेवर पुढे कारखानदारी उभी राहिली. कर्जतचा उन्हाळी भातशेतकरी ज्या पाण्यावर पीक घेतो, त्या पाण्याखाली घाटावर कोणाची तरी खाचरे आहेत, ही जाणीव स्थानिक इतिहासलेखनात क्वचितच उमटते.

याचे एक कारण मुळशी हे आहे. त्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व सेनापती बापट यांच्या नेतृत्वामुळे तो लिखित इतिहासात आला. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासाने त्यातील अंतर्विरोधही पुढे आणला. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या, त्यांना मोबदला हवा होता. कसणाऱ्या मावळ्याला जमीन हवी होती. वळवण व ठोकरवाडीच्या विस्थापितांना असा सत्याग्रह लाभला नाही, म्हणून त्यांचा इतिहासही फारसा लिहिला गेला नाही. विस्थापनाची तीव्रता आंदोलनाच्या आकारावरून मोजण्याची ही सवय अभ्यासकांनी सोडावयास हवी.

पुढे चित्र उलटले. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर मोरबे धरण झाले. ते नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे असून त्याचे पाणी त्या शहरास जाते. जो तालुका दुसऱ्यांच्या बुडिताचा लाभधारक होता, तोच येथे बुडीत क्षेत्र ठरला. मधल्या काळात राज्याने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, १९८६ व १९९९ मध्ये तो नव्याने आणला. तरीही मोरबेच्या प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनासाठी व नोकऱ्यांसाठी आंदोलने करावी लागली.

दप्तरात खातेदाराचे नाव असते, गटाचे क्षेत्र असते, मोबदल्याची रक्कम असते. सामान हलवणारी, गुरे सांभाळणारी, नव्या जागी पाणी शोधणारी स्त्री त्यात सापडत नाही. तिच्यासाठी संशोधकाला घाटमाथ्यावरील व मोरबे परिसरातील वृद्धांच्या मौखिक साक्षी गोळा कराव्या लागतील. वळवणपुरते तर आता तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आठवणींवरच भागवावे लागेल.