शेंबडापासून पीयूषापर्यंत

रोहूची कवटी वरून तासली की चरबीत बुडालेला मेंदू दिसतो. तो चिमट्याने अलगद उचलायचा. खाली, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा मागे, हाडाच्या खळगीत पातळ पडद्याआड एक पांढुरका दाणा असतो. वजन जेमतेम काही मिलिग्रॅम. तो न चेचता काढून लगेच निर्जल अल्कोहोलमध्ये टाकायचा. ही पिट्युटरी.

नाव मात्र घाणेरडं. मेंदूतला मळ इथून नाकात झिरपतो, असं दुसऱ्या शतकात गेलन मानत होता. १५४३ मध्ये व्हेसॅलियसनेही तेच धरलं. ‘पिट्युइटा’ म्हणजे कफ, सरळ सांगायचं तर शेंबूड. मेंदूतून नाकात वाटच नाही हे सतराव्या शतकात सिद्ध झालं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आपल्या पाठ्यपुस्तकांनी तिला ‘पीयूषिका’ म्हटलं. आवाज जवळपास तोच, अर्थ थेट अमृताचा!

माशांनी या ग्रंथीची खरी ओळख पटवायला मोठी मदत केली. १९२८ मध्ये अर्न्स्ट शारर या जर्मन संशोधकाला मिनो या चिमुकल्या माशाच्या मेंदूत, पिट्युटरीच्या वरच्या भागात, ग्रंथीसारख्या स्रवणाऱ्या चेतापेशी दिसल्या. चेतापेशी आणि स्राव? बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. पण हाडांचा सांगाडा असलेल्या बहुतेक माशांत ही सोयरीक उघडी दिसते. आपल्यात मेंदूचा बराचसा निरोप रक्तवाहिन्यांतून पिट्युटरीच्या पुढच्या भागाला मिळतो. माशांत चेतातंतू थेट ग्रंथीत घुसतात.

उपयोगाची वाट दक्षिण अमेरिकेतून आली. १९३०च्या सुमारास अर्जेंटिनात हुसे यांनी माशाची पिट्युटरी पिल्लं देणाऱ्या माशांना टोचली, तर पिल्लं अकाली बाहेर आली. त्याच दशकात ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग यांनी ही युक्ती अंडी घालणाऱ्या माशांवर लागू केली.

आपल्याकडे अडचण वेगळी होती. कटला, रोहू, मृगळ हे कार्प मासे तळ्यात वाढतात, पण साचल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांना पुराची नदी लागते. म्हणून मत्स्यजिरे, म्हणजे त्यांची इवलीशी पिल्लं, नदीतून गाळून आणायचे, आणि त्यात शिकारी माशांची पिल्लंही फुकटात यायची. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पिट्युटरीचा अर्क टोचून कार्प विववले. हाच दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे.

पुढची तीसेक वर्षं मत्स्यबीज केंद्रांवर पावसाळा म्हणजे खल, सुई आणि जागरण. मादीला किलोमागे २-३ मिलिग्रॅमचा पहिला डोस, सहा तासांनी ५-८चा दुसरा, नराला त्याच वेळी एकच. मग सगळे हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी हौदात. पहाटेपर्यंत कापडाच्या तळाशी साबुदाण्यासारखी अंडी. त्यासाठी पिकल्या माशांची डोकी मात्र ढिगाने लागत, आणि शिळ्या डोक्यातल्या ग्रंथीचा भरवसा नसे.

मग कॅनडात रिचर्ड पीटर यांनी गोल्डफिशच्या मेंदूत एक ब्रेक दाखवला: डोपामिन. पिट्युटरी आपला संप्रेरकांचा साठा सोडायला तयार असते, डोपामिन तिला धरून ठेवतं. तेव्हा बाहेरची ग्रंथी कशाला? माशाच्या स्वतःच्याच ग्रंथीचा ब्रेक सोडवणारं आणि तिला हुकूम देणारं औषध एकत्र टोचलं की झालं. ओव्हाप्रिमची कुपी म्हणजे हेच. मादीला किलोमागे साधारण अर्धा मिलिलिटर, एकदाच. रोहूचं डोकं पुन्हा कालवणात.