हजीऱ्यातलं उघडं छत

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. ठेकेदाराने बाथरूम फोडून ठेवलंय, निम्म्याहून जास्त पैसे घेतलेत आणि आता फोनच उचलत नाही. "मावशी, काय करू गं?" मी तिला जो पहिला प्रश्न विचारला तो खरं तर आमच्या बाबांचा होता. "कागदावर तारीख घातली आहेस का?" नव्हती घातली. १९९१ साली आम्हीही घातली नव्हती.

तेव्हा आम्ही ग्वाल्हेरला हजीऱ्यात राहायचो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, लष्करातल्या आपल्या मराठी वस्तीपासून हा भाग लांब, किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला. इथेच महंमद गौस यांची दगडी जाळ्यांची कबर आणि शेजारी तानसेनाची समाधी. हजीरा म्हणजे मुळात कबरीभोवतीचं आवार, त्यावरून वस्तीचं नाव. पुढे बिर्लानगर, आणि बाबा ज्या हिशेबखात्यात होते ती जियाजीराव कॉटन मिल, सगळ्यांची जेसी मिल. लष्करातले नातेवाईक "एवढ्या लांब कशाला राहता?" म्हणायचे. आमचं घड्याळ मिलच्या भोंग्यावर चालायचं.

घर जुनं, छत पटियांचं. म्हणजे लोखंडी गर्डर, त्यांवर ग्वाल्हेरी दगडाच्या लांब फरशा आणि वर चुन्याचा कोबा. (पटिया, तिरपाल, पेशगी हे शब्द हिंदी आहेत हे मला लग्नानंतर कळलं. आमच्या घरी ते मराठीच होते.) हे छत उन्हाळ्यात फार सुखाचं, पण गर्डर गंजला की फुगतो, दर्जा उघडतात आणि पाणी झिरपायला लागतं. आजीच्या खोलीत आणि पुढच्या खोलीत दोन पावसाळे भांडी मांडून काढल्यावर बाबांनी काम काढलं. ओळखीतूनच आलेला ठेकेदार. ठरले १४,००० रुपये, पैकी ८,००० पेशगी. माझ्या शाळेच्या वहीतल्या पानावर त्याने पैसे पावल्याची सही केली. बस्स, एवढाच कागद.

एप्रिलअखेर दोन्ही खोल्या उघड्या झाल्या. जुन्या पटिया अंगणात रचल्या, नवे गर्डर आले, पुढच्या खोलीवर पटिया बसायला लागल्या. मग अक्षय तृतीयेची लग्नं आली, मजूर गावी गेले. मग निवडणूक, ट्रक मिळेना. मग २१ मेच्या रात्री राजीव गांधींची हत्या झाली, सगळंच थांबलं. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, म्हणूनच आम्ही महिनाभर गप्प राहिलो. "बाबूजी, परसों पक्का," एवढं तो दर वेळी हसून म्हणायचा. जूनमध्ये कळलं की त्याने मुरारकडे मोठं काम धरलंय आणि आमच्या पेशगीतून तिथे माल पडलाय. तो नंतर म्हणाला की त्याचंही एक बिल कुठेतरी अडकलं होतं. असेलही.

मग पाऊस आला. आजीची खाट स्वयंपाकघरात, देवही तिथेच फळीवर. ७८ वर्षांची बाई, आयुष्यभर सोवळ्यात वावरलेली, ती पातेल्यांच्या आवाजात झोपायची आणि कुणाला काही बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "त्याला धरून कोंडा, काम पुरं करेपर्यंत सोडू नका." आम्ही हसलो. पुढे कॉलेजात इतिहास घेतला तेव्हा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जवळजवळ हेच सापडलं: वेतन घेऊन काम न करणाऱ्याला बारा पण दंड, आणि काम होईपर्यंत अडकवून ठेवणं. पण कौटिल्य आजीपेक्षा मवाळ. माणूस आजारी असेल, संकटात असेल, तर सूट आहे किंवा दुसऱ्याकडून करवून देण्याची मुभा आहे. आणि मालकालाही त्याच्या खर्चाने दुसऱ्याकडून काम करवून घेता येतं.

बाबांनी नेमकं हेच केलं, अर्थशास्त्र न वाचता. शेजारचे वकीलकाका म्हणाले, कागदावर तारीख नसली म्हणून सगळं बुडत नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम ४६ आहे, मुदत ठरली नसेल तर वाजवी वेळेत काम झालंच पाहिजे. आणि कलम ७३ मध्ये नुकसानभरपाई. पण आधी पत्र पाठवा, त्यात तारीख द्या, आणि दुसऱ्याला हात लावू देण्यापूर्वी झालेलं काम मोजून ठेवा. बाबा हिशेबातले, त्यांना हे लगेच पटलं. रजिस्टर पत्र गेलं, १५ दिवसांची मुदत दिली, उत्तर आलं नाही. मग मी आणि बाबा शिडीवर चढून मोजायला लागलो. २६ पैकी ११ पटिया बसलेल्या, कोबा शून्य.

बाकीचं काम कोण करणार? पावसाळा सरल्यावर एका सकाळी त्याच ठेकेदाराचा मिस्त्री दारात उभा. त्याचीही मजुरी बुडाली होती. म्हणाला, "बाबूजी, अधूरा छोड़ा तो मेरे हाथ का ही दिखता है." बाबांनी त्याला रोजावर ठेवलं, दर शनिवारी पैसे हातात. बावीस दिवसांत छत पुरं झालं. दिवाळीत आजी आपल्या खोलीत परतली. किल्ल्यावरच्या सास-बहू मंदिराची गोष्ट मला नेहमी इथे आठवते. तिथल्या १०९३ च्या शिलालेखात आहे की मंदिर सुरू केलं पद्मपालाने, तो मधेच गेला, आणि पुरं केलं महीपालाने. आपण शाळेच्या सहलीत त्या कोरीवकामाकडे बघत राहतो, लेखाकडे कुणी बघत नाही.

ग्राहक मंचाचा कायदा तेव्हा नवाच होता, १९८६ चा. अर्जाला फी नाही, वकील लागत नाही. बाबांनी स्वतः अर्ज लिहिला. समोरच्याचं म्हणणं, हा कराराचा वाद आहे, सेवेचा नाही, दिवाणी कोर्टात जा. त्यातच १९९२ साली मिल बंद पडली. नोकरी गेलेला माणूस आठ हजारांच्या हिशेबाची वही घेऊन दर तारखेला सायकलवर निघायचा, आई म्हणायची, "सोडा आता." मला वाटतं तेव्हा त्यांना पैशांपेक्षा कुठे तरी जायला हवं होतं. १९९३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं की घर बांधून देणं हीसुद्धा सेवाच आहे. पुढच्या उन्हाळ्यात आमचा निकाल लागला, ३,५०० परत आणि खर्चाचे ५०० वेगळे. ठेकेदाराने हप्त्याहप्त्याने दिले. आजीला मात्र त्या खोलीत एकच हिवाळा मिळाला.

आता सगळं सोपं झालंय, भाचीला तेच सांगितलं. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि १९१५ नंबरवर आधी विचारता येतं. मुदत घालून लेखी कळव, फोटो काढ, दुसरा माणूस लावण्याआधी काम मोजून घे.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. आमची बाजू उभी राहिली ती मिस्त्रीच्या जबाबावर. किती पटिया कोणी बसवल्या, माल कुठे गेला, हे त्याने शपथेवर सांगितलं आणि अंगठा दिला. बाबांनी मागितला म्हणून दिला. नंतर हजीऱ्यातल्या ठेकेदारांनी त्याला काम देणं बंद केलं. बाबांच्या वहीत निकालाच्या नोंदीखाली काही दिवसांनी एकच ओळ आहे: "मिस्त्री आजही नाक्यावर रिकामा बसलेला दिसला."

काल भाचीचा परत फोन होता. टाइल्स बसवणारा मुलगा तिला भेटायला आलाय, त्याचेही पैसे अडकलेत, सगळं लिहून द्यायला तयार आहे. "घेऊ ना मावशी त्याच्याकडून?" मी उद्या सांगते म्हणाले.