रानटर्कीचे पुनरागमन

अमेरिकेत वसंतातल्या पहाटे बापलेक वा दोघे स्नेही झाडाला टेकून मादीच्या आवाजाची नक्कल करीत नराची वाट पाहतात, तेव्हा ही परंपरा अखंड चालत आलेली असावी असे वाटते. मॅसॅच्युसेट्सपुरते तरी तसे नाही. तेथील अखेरची ज्ञात रानटर्की १८५१ मध्ये मारली गेली. पुढे खुराड्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले; आईविना वाढलेल्यांना शत्रू ओळखता येईना, ते टिकले नाहीत. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रानातून पकडून आणलेल्या अवघ्या ३७ पक्ष्यांनी मात्र बर्कशायरच्या डोंगरांत मूळ धरले. (देशभरच्या अशा कामांना पैसा पुरवला तो बव्हंशी शिकाऱ्यांच्याच बंदुका-काडतुसांवरील करातून, १९३७ च्या कायद्याने.) १९८० साली वसंतातली शिकार पुन्हा खुली झाली, ती दाढीवाल्या पक्ष्यांची, म्हणजे बहुधा नरांचीच, माद्या त्या दिवसांत अंड्यांवर बसलेल्या असतात.