लाकडाच्या २५ मजली इमारती उभ्या राहतायत, मग गोंदियाच्या जंगलातलं लाकूड घरांमध्ये का दिसत नाही?

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं जुनं घर आठवून बघा. साग, बीजा किंवा ऐनाचे खांब, बांबूच्या कुडाला मातीचा लेप, वर कवेलू. घराचं जवळपास सगळं सामान आसपासच्या जंगलातून आणि गावच्या मातीतून यायचं.

आज त्याच गावांत घरकुल बांधलं जातं ते सिमेंट, विटा आणि सळाख वापरून. लाकूड उरलं फक्त दारापुरतं, आणि आता तर तिथंही लोखंडी किंवा फायबरची चौकट येते.

गंमत म्हणजे याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला उलटा प्रवास सुरू आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात २०२२ मध्ये 'असेंट' नावाची २५ मजली इमारत पूर्ण झाली. उंची ८६.६ मीटर. खालचे काही मजले काँक्रीटचे आणि त्यावरचे १९ मजले लाकडाचे! नॉर्वेतल्या ब्रुमुंडाल गावात २०१९ मध्ये १८ मजल्यांची 'म्योस्टोर्नेट' ही इमारत उभी राहिली, तिची उंची ८५.४ मीटर.

या तंत्राला म्हणतात मास टिंबर. हे नेमकं काय आहे, लाकडाची इमारत जळत नाही का, भारतात याला परवानगी आहे का आणि गोंदियासारख्या जंगलाच्या जिल्ह्याला याचा काही उपयोग आहे का, हे समजून घेऊ.

मास टिंबर म्हणजे काय?

प्लायवूड सगळ्यांनी पाहिलंय. लाकडाचे पातळ पापुद्रे काढायचे, एकावर एक आडवे-उभे ठेवायचे, मध्ये गोंद लावायचा आणि दाबायचं. मास टिंबर म्हणजे हीच कल्पना मोठ्या मापात वापरणं. इथे पापुद्र्यांऐवजी फळ्या असतात आणि तयार होतात ते थेट इमारतीच्या भिंती, स्लॅब, खांब आणि तुळया.

याचे मुख्य प्रकार तीन.

सीएलटी: फळ्यांचा एक थर उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतं आणि आकसतं. थर एकमेकांना काटकोनात चिकटवले की ते एकमेकांना धरून ठेवतात. हे तंत्र १९९० च्या दशकात ऑस्ट्रियात आकाराला आलं. ग्राझ इथल्या तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक गेरहार्ड शिकहोफर यांचं त्यात मोठं काम आहे. त्यासाठी त्यांना २०१९ चा मार्कुस वालेनबर्ग पुरस्कार मिळाला.

ग्लुलॅम: यात सगळ्या फळ्या एकाच दिशेने चिकटवतात. खांब आणि तुळया यापासून होतात. हे काही नवं नाही. जर्मनीच्या ओटो हेट्झर यांनी १९०६ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं.

एलव्हीएल: प्लायवूडसारखेच पापुद्रे, पण बहुतेक एकाच दिशेने लावलेले. त्यामुळे लांब आणि भक्कम तुळई मिळते.

या सगळ्यांचा मोठा फायदा म्हणजे मोठी तुळई बनवायला मोठं झाड लागत नाही. लहान, मध्यम जाडीच्या झाडांच्या फळ्या जोडून हवी तेवढी लांब-रुंद तुळई बनवता येते. गाठ किंवा भेग असलेला तुकडा कापून बाजूला काढता येतो.

लाकडाची इमारत जळणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो आणि तो बरोबरच आहे.

चुलीत काड्या भसाभस जळतात, पण जाड ओंडका रात्रभर धुमसतो. यामागचं कारण म्हणजे कोळसा. जाड लाकडाचा बाहेरचा थर जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. युरोपातल्या बांधकाम मानकांनुसार पाइन-स्प्रूससारखं लाकूड मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या वेगाने कोळसा होत जातं. म्हणजे तासाभरात सुमारे ४ सेंटीमीटर. त्यामुळे इंजिनिअर हिशेब करून तेवढी जाडी आधीच वाढवून ठेवतात. बाहेरचा थर जळाला तरी आतला भाग वजन पेलतो.

स्टीलचं तसं नसतं. ते जळत नाही, पण साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते.

पण हा हिशेब फक्त जाड, भरीव लाकडाला लागू होतो. पातळ फळी, कूड किंवा पोकळ बांबू आगीत ओंडक्यासारखा वागत नाही, काडीसारखा वागतो. विदर्भाने हे जवळून पाहिलंय. चंद्रपूरजवळ चिचपल्ली इथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. राज्य सरकारने २०१४ मध्ये ते स्थापन केलं. तिथल्या बांबूच्या इमारतींना फेब्रुवारी २०२१ मध्ये भीषण आग लागली आणि मोठं नुकसान झालं. त्यामुळे 'परदेशात लाकडाचे टॉवर आगीत टिकतात, मग आपलं बांबूचं घरही टिकेल' असं म्हणणं धोक्याचं आहे.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण कार्बन. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरला जातो. झाड मात्र वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. सुक्या लाकडाच्या वजनापैकी साधारण निम्मा भाग कार्बनच असतो. एक घनमीटर लाकडाचं वजन ५०० किलो धरलं, तर त्यात सुमारे २५० किलो कार्बन असतो. हवेतून तेवढा कार्बन ओढायला झाडाने सुमारे ९०० किलो कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो. लाकूड इमारतीत आहे तोवर तो तिथेच अडकून राहतो.

शिवाय लाकूड हलकं असतं. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो, म्हणजे पाइनच्या जवळपास पाचपट. त्यामुळे पाया हलका चालतो. भिंती कारखान्यात कापून येतात, साइटवर फक्त जोडायच्या असतात. अर्थात हलकेपणाचा तोटाही असतो. म्योस्टोर्नेटच्या वरच्या मजल्यांवर मुद्दाम काँक्रीटचे स्लॅब टाकावे लागले, नाहीतर इमारत वाऱ्याने जास्त हलली असती.

आणि एक अट महत्त्वाची. तोडलेल्या झाडाच्या जागी झाड उभं राहिलं, तरच कार्बनचा हा हिशेब जुळतो. जंगल साफ करून बांधलेली इमारत पर्यावरणपूरक ठरत नाही.

भारतात लाकडाने बांधायला परवानगी आहे का?

आहे, पण मधली काही दशकं लाकूड बांधकामातून जवळपास हद्दपारच झालं होतं.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या बांधकामांत लाकूड वापरायला बंदी घातली. जंगलं वाचवणं हा हेतू होता. पुढे १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात ऐतिहासिक आदेश दिला. मंजूर कार्ययोजनेशिवाय जंगलतोड थांबली आणि आरा गिरण्यांवर कडक निर्बंध आले. जंगलं वाचवायला याची गरज होती. पण लाकडाची जागा सिमेंट, स्टील आणि ॲल्युमिनियमने घेतली आणि लाकडी बांधकाम जाणणारे कारागीर, इंजिनिअर कमी होत गेले.

२०२० मध्ये या विभागाने ती बंदी उठवली. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड आणि बांबू यांच्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे कागदावर दार उघडं आहे.

मग गोंदियाचा साग का नाही?

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा सागासाठी प्रसिद्ध आहे. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी सागवान मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून गेलं होतं. पण दारासाठी सर्वोत्तम असलेलं लाकूड मास टिंबरसाठी सोयीचं असेलच असं नाही.

पहिलं कारण किंमत. जंगलातला साग तोडणीला यायला अनेक दशकं लागतात. एवढं महाग लाकूड भिंतीत आणि स्लॅबमध्ये घालणं कुणाला परवडणार? जगभरात मास टिंबर बनतं ते मुख्यतः स्प्रूस आणि पाइनपासून. ही झाडं सरळ वाढतात, मऊ असतात, स्वस्त पडतात.

दुसरं कारण तेल. सागाला वाळवी सहसा लागत नाही, कारण त्यात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात. पण तीच द्रव्यं गोंद नीट धरू देत नाहीत. त्यामुळे चिकटवण्याआधी पृष्ठभागावर वेगळी प्रक्रिया करावी लागते.

तिसरं कारण मालकी. वनहक्क कायदा २००६ नुसार गावांना गौण वनोपजावर हक्क मिळतो. तेंदूपत्ता, मोह, डिंक यांच्यासोबत बांबूही त्यात येतो. इमारती लाकूड मात्र येत नाही. म्हणजे सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव आपल्या जंगलातला बांबू विकू शकतं, सागाचा ओंडका विकू शकत नाही.

बाहेरून पाइन आणायचं तर भारतात ते बरंचसं न्यूझीलंडसारख्या देशांतून, कांडला बंदरातून येत आलं आहे. समुद्र ओलांडून आलेलं लाकूड पुढे गोंदियापर्यंत आणून कार्बन वाचवायचा, हेही पटत नाही.

थोडक्यात, गोंदियासाठी मास टिंबरचा प्रश्न फिरून बांबूवरच येतो.

बांबूची तुळई होऊ शकते?

होऊ शकते. बांबू फाडून कामट्या काढायच्या, रंधून सपाट करायच्या, त्यातला स्टार्च काढून बोरिक ॲसिड-बोरॅक्सची प्रक्रिया करायची, वाळवायच्या, गोंद लावून गरम प्रेसखाली दाबायच्या. यातून लाकडासारखी भरीव फळी किंवा तुळई मिळते. बेंगळुरू विमानतळाच्या टर्मिनल २ मध्ये असा इंजिनिअर्ड बांबू मोठ्या प्रमाणावर वापरला आहे.

साग पिढीला एकदा मिळतो, बांबू मात्र तीन-चार वर्षांत काढणीला येतो. बेटातले पक्के बांबू काढले तरी बेट जिवंत राहतं.

विदर्भातलं ताजं उदाहरण रस्त्यावरचं आहे. वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये २०० मीटर लांबीचं बांबूचं क्रॅश बॅरिअर बसवलं गेलं. नाव 'बाहुबली'. बाल्कोवा जातीच्या बांबूवर क्रिओसोट तेलाची प्रक्रिया करून त्यावर पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचा थर दिला आहे. त्याची चाचणी पिथमपूरच्या नॅट्रॅक्स केंद्रात झाली आणि आगीची चाचणी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत. जोर सहन करणाऱ्या जागी बांबू वापरायचा तर आधी प्रक्रिया आणि चाचणी लागते, हे यातून दिसतं.

अडचण जातीची आहे. गोंदियाच्या जंगलात मुख्यतः मानवेल मिळतो. तो जवळपास भरीव असतो, काठी आणि बल्लीसाठी उत्तम. पण घेर कमी असल्याने त्याच्या रुंद, सपाट कामट्या निघत नाहीत. त्याच्यासाठी दुसरे मार्ग आहेत: धागे ठेचून गोंदात दाबणं किंवा तट्ट्या विणून त्यांचे बोर्ड बनवणं. बेंगळुरूच्या भारतीय प्लायवूड उद्योग संशोधन व प्रशिक्षण संस्थेने अशा तट्ट्यांपासून बोर्ड आणि छपराचे नालीदार पत्रे विकसित केले आहेत. बुरुड कारागिरांच्या हातात जे कौशल्य आधीपासून आहे, तेच इथे कच्चा माल तयार करतं.

मग अडलंय कुठे?

अडलंय ते मधल्या टप्प्यावर. जंगलात बांबू आहे, शहरात मागणी वाढतेय. पण वाळवणी भट्टी, प्रक्रिया टाकी, गरम प्रेस, प्रतवारी आणि चाचणी या गोष्टी गावाजवळ नसतील, तर गाव फक्त काठ्या विकत राहतं.

याचा इतिहासही आहे. पूर्व विदर्भातला बांबू अनेक दशकं बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे गेला. एप्रिल २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा ती देशभर बातमी झाली. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. त्यामुळे शेतकऱ्याला बांधावरचा बांबू तोडणं सोपं झालं. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बांबू उद्योग धोरणही मंजूर केलं.

हक्क आले, धोरण आलं. आता यातला पहिला प्रेस, पहिली प्रक्रिया टाकी कुठे बसते आणि तिची मालकी कुणाकडे राहते, यावर गावाला काठीचा भाव मिळणार की बोर्डाचा, हे ठरेल.

आज कुणाला घरात लाकूड-बांबू वापरायचा असेल तर?

लाकूड साधारण १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेलं हवं, ओलं वापरलं तर ते नंतर वाकतं आणि फाटतं. बांबू किमान तीन वर्षांचा आणि प्रक्रिया केलेला असावा, नाहीतर भुंगा वर्षभरात त्याचा भुसा करतो. गोंदियात पाऊस दणकून पडतो, म्हणून खांब थेट जमिनीत न गाडता उंच जोत्यावर बसवावा आणि छप्पर भिंतीच्या बरंच पुढे घ्यावं. चूल आणि वायरिंग बांबूच्या भिंतीपासून दूर ठेवावं. आणि खांब-तुळयांची मापं अंदाजाने न ठरवता इंजिनिअरकडून काढून घ्यावीत.