कलावंताचे देशांतर

देश आपले कलावंत दोन प्रकारांनी गमावतो: राजसत्तेच्या रोषाने, नाही तर समाजाच्या अनास्थेने. पहिला प्रकार जगाच्या डोळ्यांत भरतो. दुसऱ्याची दाद ना फिर्याद.

पहिल्याचे उदाहरण रशियाचे थोर चेलोवादक व वाद्यवृंदसंचालक रोस्त्रोपोविच (१९२७–२००७) यांचे. सोल्झेनित्सिन या लेखकावर सरकारची इतराजी झाली, तेव्हा त्यांनी त्यास आपल्या घरी आश्रय दिला व १९७० साली त्याच्या बाजूने वृत्तपत्रांना पत्र लिहिले. तेथे ते छापले गेले नाही. शिक्षा मात्र झाली. १९७४ साली त्यांनी देश सोडला, १९७८ साली नागरिकत्व गेले, ते १९९० साली परत मिळाले.

दुसऱ्या प्रकारासाठी आम्हांस मुंबईपलीकडे जावयास नको. व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. १९४५ साली, पस्तिशी उलटल्यावर, ते न्यूयॉर्कला जाऊन मॉस्कोत घडलेल्या गलामियान यांचे शिष्य झाले. पुढे मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात वाजविले आणि १९६४ पासून तीन दशकांहून अधिक काळ लॉस एंजेलिसला अमेरिकन यूथ सिंफनीत तरुण वादक घडविले. त्यांचे चिरंजीव झुबिन जगद्विख्यात संचालक झाले. मेहलींना कोणी हाकलून दिले नव्हते. परंतु मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद उभा राहिला तो २००६ साली, म्हणजे त्यांच्या उपक्रमानंतर ७१ वर्षांनी! या आकड्यातच सारे आले.

कोणी म्हणेल, पाश्चात्त्य संगीताशी खानदेशाला काय कर्तव्य? संगीत कोणतेही असो, प्रश्न एकच आहे. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, यांनी लहानपणी गाण्याचे धडे घेतले ते आमच्या जळगावात, मेहबूबखाँ यांच्यापाशी. गावात शिकविणारा होता म्हणून शिकणाऱ्याचे पाऊल पुढे पडले.

बालगंधर्व जन्माला घालणे कोणत्याही गावाच्या हाती नाही. मेहबूबखाँ राखणे मात्र आहे. त्यांच्या नावाने नाट्यगृहे बांधणे योग्यच. पण जळगाव-धुळ्याने आपल्या संगीतशिक्षकाच्या घरची चूल बारा महिने पेटती ठेवली, तर आमच्या मते ते अधिक मोठे स्मारक होईल.